यादीत आहे, बैठकीत नाही

वैरागहून सोलापूरला जाणारी एसटी वाटेत नान्नजला थांबते. आज नान्नज म्हटलं की माळढोक आणि त्याचं अभयारण्य आठवतं. १९४८ च्या जुलैपर्यंत मात्र हे गाव निजामाचं होतं. चहूबाजूंनी मुंबई प्रांतातला सोलापूर जिल्हा आणि मध्ये हैदराबाद संस्थानाचा हा सुटा तुकडा. त्या महिन्यात नान्नजजवळ हिंदी सैन्याच्या तुकडीवर गोळीबार झाला, जवान मारले गेले आणि सैन्याने गाव ताब्यात घेतलं. बार्शी तालुक्यातली तेव्हाची सरहद्द जागोजागी उसवलेल्या गोधडीसारखी होती. बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला यायची, येडशीला निजामाच्या मुलखात शिरायची आणि तशीच लातूरला पोचायची. वैराग हे या सरहद्दीच्या अलीकडचं बाजाराचं गाव. पूर्वेला उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आग्नेयेला तुळजापूर. सोयरिकी दोन्हीकडच्या, राज्यं दोन.

संघर्ष संपल्यावर स्त्रियांचे हक्क काय आणि समेट घडवण्यात त्यांचा वाटा किती, ही चर्चा आपल्याकडे निघते ती लायबेरिया, रवांडा, बोस्नियाच्या संदर्भात. परिसंवाद होतात, अहवाल निघतात. पण ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांना विमानात बसायची गरज नाही. १९४७ च्या उन्हाळ्यापासून १९४९ पर्यंत वैरागच्या शिवेला लागून जे घडलं, त्यात या विषयाचे सगळे अवघड प्रश्न आलेले आहेत. त्यांची उत्तरं तेवढी कुणी मागितली नाहीत.

आधी घटनाक्रम. निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला. त्याच काळात लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. उस्मानाबाद, बीड, लातूरकडची कुटुंबं गाडीत बसेल तेवढं घेऊन सरहद्द ओलांडून बार्शी तालुक्यात आली. सरहद्दीच्या कडेने स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथून तरुण पलीकडे जायचे. नाकी, चौक्या, ठाणी यांवर हल्ले करून परतायचे. त्यावेळचे उस्मानाबादचे कलेक्टर मोहम्मद हैदर यांच्या आठवणी २०१२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पलीकडच्या कचेरीतून हे कॅम्प कसे दिसत होते ते त्यात वाचायला मिळतं. एका बाजूचा मुक्तिलढा दुसऱ्या बाजूच्या दप्तरात सरहद्दीवरचे छापे म्हणून नोंदवला जात होता. दोन्हीकडची गावं जळत होती, एवढं दोघांनाही मान्य होतं.

या लढ्यात बायका होत्या का? होत्या, आणि बंदूक घेऊनही होत्या. भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढताना गेल्या. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके शस्त्रं बाळगत, घोड्यावरून फिरत. त्या २०१३ पर्यंत हयात होत्या. ही नावं राहिली, कारण त्यांनी पुरुषांसारखं काम केलं. कॅम्पला भाकरी लागते, निरोप्या लागतो, जखमीला उबदार कोपरा लागतो, पोलीस आले तर ‘घरात कुणी नाही’ असं डोळ्याला डोळा देऊन सांगणारं माणूस लागतं. ही कामं करणाऱ्यांची नावं राहिली नाहीत.

इतिहासातली हळहळ म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याचा पुढे थेट पैशाशी आणि हक्कांशी संबंध आला. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. ती मिळवायची तर तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा हवा. तुरुंगवासाची अट सहा महिन्यांची होती. स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आणली. उदारपणाच म्हणायचा. पण वर्षभर रोज पहाटे उठून कॅम्पसाठी दोन पायल्या ज्वारी दळली, याचा दाखला कोण देणार? ज्या कामाचा कागदच होत नाही त्याची अट तीन महिन्यांवर आणली काय किंवा तीन दिवसांवर, फरक शून्य.

हाच प्रश्न या लढ्यानंतर पन्नास वर्षांनी आफ्रिकेत आला. सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध २००२ मध्ये संपलं. लढणाऱ्यांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि बदल्यात पैसे, प्रशिक्षण, नवं आयुष्य घ्यायचं, अशी योजना होती. पात्रतेची कसोटी सोपी होती: बंदूक आणून दाखवा. बंडखोरांच्या टोळ्यांमध्ये हजारो मुली स्वयंपाक, ओझी वाहणं, जबरदस्तीचं ‘बायकोपण’ यांत अडकलेल्या होत्या. त्यांच्याकडे बंदूक कुठून असणार? सुमारे ७२ हजार जणांनी शस्त्रं ठेवली, त्यांत स्त्रिया पाच हजारही नव्हत्या. उरलेल्या शांतपणे यादीबाहेर राहिल्या. लढाई मोजताना बंदूक मोजतात, शांतता मोजताना कागद मोजतात, आणि या दोन्ही वस्तू घरातल्या बाईच्या नावावर सहसा नसतात.

आता सप्टेंबर १९४८ कडे येऊ. १३ तारखेच्या पहाटे सोलापूरहून निघालेलं सैन्य नळदुर्गला पोचलं, बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण त्याच तारखेला पाळतो, आणि पाळायलाच हवा. शाळेतल्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. गावांमध्ये ती इथून पुढे सुरू झाली. रझाकारांनी वर्षभर केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांच्यावर उगवला त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. ते साधे मुसलमान शेतकरी, विणकर, बलुतेदार होते.

दिल्लीपर्यंत बातम्या गेल्या तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना सद्भावना मंडळ म्हणून पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. स्वतः न पाहिलेल्या शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशीही बोलले. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. बाकीचे तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. अहवाल सरकारी कपाटात राहिला. सगळ्यांना वाचता येईल असा तो छापला गेला २०१३ मध्ये, ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात. पासष्ट वर्षांनी.

त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव दोन ठिकाणी येतं आणि दोन्ही उल्लेख सुखाचे नाहीत. एका प्रसिद्ध जातीयवादी संघटनेची सशस्त्र माणसं सोलापूरहून आणि इतर शहरांतून आल्याचं अहवाल सांगतो. पळवलेल्या बायकांपैकी काहींना संस्थानाबाहेर आणलं गेलं, असं सांगताना पुन्हा सोलापूरचं नाव येतं. उस्मानाबाद जिल्ह्यातून सोलापूरकडे यायच्या रस्त्यांत एक तुळजापूरचा आहे आणि एक वैराग-बार्शीच्या बाजूचा. मंडळाने विहिरी पाहिल्या, प्रेतांनी भरलेल्या. एका विहिरीत मोजलेल्या ११ देहांमध्ये एक बाई होती आणि तिच्या छातीला बिलगलेलं तान्हं मूल होतं.

याच अहवालात आणखीही काही आहे, आणि ते सांगणारे लोक कमी भेटतात. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातलं. त्यात काही जण स्वतः मेले. पळवलेल्या मुसलमान बायकांना शोधून परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. म्हणजे समेटाचं काम दिल्लीहून मंडळ यायच्या आधीच गावात सुरू झालं होतं. त्या शोधाशोधीत नेमकं काय घडलं असेल? पळवून आणलेली बाई कुणाच्या वाड्यात आहे, हे चावडीला कळायच्या आधी पाणवठ्याला कळतं. ती जेवते की नाही, रडते की नाही, निरोप कुणाकरवी द्यायचा, हे विचारायला पुरुष त्या घराच्या माजघरात जाऊ शकत नाही. या कामात बायका नव्हत्या असं मानायचं असेल तर आपल्या गावांची रचनाच विसरावी लागेल. पण अहवालात ‘हिंदूंनी मदत केली’ एवढंच आहे. मंडळातले तिघेही पुरुष होते, त्यांना भेटायला पुढे आलेली माणसंही मुख्यतः पुरुष असणार. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तीन आठवड्यांत नऊ जिल्हे फिरून, धोका पत्करून त्यांनी जे खरं ते लिहिलं, हेच मोठं आहे. परंतु विचारणारा कोण आहे यावर उत्तर ठरतं. बाईला काय झालं हे त्यांनी टिपलं. बाईला काय हवं आहे, हे विचारायची वेळ आलीच नाही.

काय हवं होतं, हा प्रश्न फुकाचा नव्हता. त्याच वर्षी पंजाबात त्याच प्रश्नावर मोठं रणकंदन चालू होतं. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत मिळवायचा करार भारत आणि पाकिस्तानने ६ डिसेंबर १९४७ ला केला. मृदुला साराभाई, रामेश्वरी नेहरू, कमलाबेन पटेल अशा स्त्रियांनी हे काम अंगावर घेतलं आणि काही वर्षांत दोन्हीकडून मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया परत आणल्या गेल्या. कौतुकाचंच काम. मग डिसेंबर १९४९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्यात ‘पळवलेली व्यक्ती’ म्हणजे कोण, याची व्याख्या अशी होती: सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. मुलगा सोळाचा झाला की त्याचं मत धरायचं. बाई साठ वर्षांची असली तरी तिला विचारायचं कारण नाही. तिने ‘मला इथेच राहायचं आहे, मुलं झाली आहेत’ असं सांगितलं तरी पोलीस तिला छावणीत नेऊ शकत. संविधान स्वीकारून महिनासुद्धा झाला होता-नव्हता. रामेश्वरी नेहरूंना ही सक्ती पटली नाही आणि त्या कामातून बाहेर पडल्या. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरवला.

हैदराबादला हा कायदा लागू नव्हता. तो उत्तरेतल्या प्रांतांपुरता होता. म्हणजे पंजाबातल्या बाईला नको असताना परत नेणारा कायदा होता आणि उस्मानाबादकडून सोलापुरात आणलेल्या बाईला, हवं असलं तरी, परत नेणारा कायदा नव्हता. एकीकडे सरकारचा हात जरुरीपेक्षा लांब होता, दुसरीकडे हातच नव्हता. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. तिचं ठिकाण दुसऱ्यांनी ठरवलं.

मराठवाड्याच्या लढ्यावर मराठीत चांगलं लेखन आहे. अनंत भालेराव यांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ आजही हाताशी ठेवावं असं पुस्तक आहे. मात्र बायकांना बसवून, टेपरेकॉर्डर लावून, ‘तुमचं काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा’ असं म्हणण्याचं मोठं काम झालं ते त्याच संस्थानाच्या तेलुगू भागात. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये तेलुगूत पुस्तक काढलं. तीन वर्षांनी ते इंग्रजीतही आलं. त्या मुलाखतींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. लढा होता तोवर आम्हाला बंदूक चालली, रान चाललं, रात्रीचं फिरणं चाललं. लढा मागे घेतल्यावर म्हणाले, आता घरी जा, संसार करा. संघर्षाच्या काळात बाईला मिळालेली मोकळीक शांततेत सर्वांत आधी काढून घेतली जाते, हे जगभरच्या अभ्यासकांनी पुढे सांगितलं. तेलंगणातल्या म्हाताऱ्यांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. अपवाद होते: १९५२ च्या हैदराबाद विधानसभेत आशाताई वाघमारे आणि मासूमा बेगम यांच्यासारख्या मोजक्या स्त्रिया निवडून आल्या. मोजक्याच.

आता मुंबईतलं एक प्रकरण, कारण ‘हक्क’ हा शब्द कचेरीच्या खिडकीपाशी कसा दिसतो ते त्यात स्वच्छ दिसतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. मेलेल्याच्या वारसाला भरपाई मिळते. बेपत्ता माणूस मेलेला नसतो. कायद्याने सात वर्षं त्याचा ठावठिकाणा नसेल तेव्हा तो मेला असं धरता येतं. तोवर त्याच्या बायकोची अवस्था काय? ना सवाष्ण, ना विधवा. खोली त्याच्या नावावर, रेशन कार्डाचा प्रमुख तो, बँकेत सही त्याची. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडील’ या रकान्यापुढे काय लिहायचं इथपासून प्रश्न. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली असेल तर तिची प्रत जपायची, पंचनामा नसेल तर साक्षीदार शोधायचे, आणि साक्षीदार म्हणजे त्याच गल्लीतली माणसं, ज्यांना तो दिवस आठवायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाल दिला तेव्हा १६८ पैकी १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत भरपाई पोचलेली नव्हती. दोन लाख रुपये आणि १९९९ पासूनचं ९ टक्के व्याज द्या, असा तो आदेश होता. दंगल झाली तेव्हा तिशीत असलेली बाई त्या दिवशी साठीत होती.

शांततेचा करार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबल, झेंडे आणि शाईची पेनं येतात. त्या बाईसाठी करार होता तो एका मृत्यूच्या दाखल्याचा. भरपाईचा शासननिर्णय लिहिणाऱ्यांच्या खोलीत अशी एक जरी बाई बसली असती, तर ‘बेपत्तांच्या कुटुंबांना तात्पुरता दाखला द्या’ हे वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं गेलं असतं, असं मला वाटतं. लिहिणारे दुष्ट होते म्हणून ते राहिलं नाही. रेशन कार्ड घेऊन रांगेत उभं राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, म्हणून राहिलं.

महाराष्ट्रात याचा दुसरा, बरा धडाही आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. पुढे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची माणसं, आणि पुढाऱ्यांपेक्षा साध्या लोकांवर भर. १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्या झाल्या. वस्त्यांमध्ये दोन्हीकडच्या लोकांना पुन्हा बोलतं करण्याचं काम सुशोभा बर्वे यांनी वर्षानुवर्षं केलं. पुढे त्या काश्मीरपर्यंत गेल्या आणि त्या अनुभवांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. या कामाला छायाचित्र नसतं. दंगल न होणं ही बातमी होत नाही.

बाहेरच्या जगात हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पहिल्यांदा स्वतंत्रपणे हाती घेतला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी, ठराव क्रमांक १३२५ ने. संघर्षात स्त्रियांचं रक्षण करा, एवढंच तो म्हणत नाही. वाटाघाटींत, शांतिसैन्यात, पुनर्वसनाच्या आखणीत त्यांना घ्या, असं तो सांगतो. शंभराहून अधिक देशांनी त्यासाठी राष्ट्रीय आराखडे केले. भारताने केलेला नाही. आपल्या देशातले तंटे हे सशस्त्र संघर्ष नव्हेत, कायदा-सुव्यवस्थेचे प्रश्न आहेत, ही आपली अधिकृत भूमिका. गंमत म्हणजे लायबेरियात २००७ मध्ये जगातलं पहिलं संपूर्ण महिला पोलीस पथक पाठवलं ते भारतानेच. आपण परदेशात नमुना घालून दिला आणि घरी विषय बंद ठेवला.

ठरावाने काय झालं? १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता वाटाघाटींत बोलणी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया १३ टक्के होत्या आणि करारावर सही करणाऱ्यांमध्ये ६ टक्के. ठराव झाला म्हणून खुर्ची मिळत नाही.

उत्तर आयर्लंडमधल्या बायकांनी ती वेगळ्या मार्गाने मिळवली. १९९६ मध्ये वाटाघाटींसाठी प्रतिनिधी निवडायचे ठरलं. प्रस्थापित पक्ष स्त्रियांना जागा देईनात, तेव्हा मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांनी काही आठवड्यांत महिलांची आघाडी उभी केली. एक कॅथलिक, दुसरी प्रोटेस्टंट. मतं मिळाली एक टक्का. निवडणुकीच्या नियमांमुळे तेवढ्यावर दोन जागा मिळाल्या. सभागृहात त्या बोलायला उठल्या की समोरच्या बाकांवरचे काही सदस्य गाईसारखे हंबरायचे. निवडून आलेले, सुटाबुटातले पुरुष. पण १० एप्रिल १९९८ चा करार झाला तेव्हा बळी पडलेल्यांचे हक्क, दोन्ही समाजांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या शाळा, मिश्र वस्त्या हे विषय त्यात आले, आणि त्यामागे या आघाडीचा रेटा होता. बाकीचे पक्ष कैदी, शस्त्रं आणि सीमा यांवर भांडत होते. मुलांची शाळा हा शांततेचा मुद्दा आहे, हे सांगणारं कुणीतरी टेबलापाशी असावं लागतं.

आपल्याच देशात नागालँडची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. नागा मदर्स असोसिएशन १९८४ मध्ये स्थापन झाली. भूमिगत गट आणि सैन्य, आणि भूमिगत गट आपसात, असं रक्त सांडत होतं तेव्हा या आया दोन्हीकडे चालत गेल्या. १९९४ मध्ये त्यांनी रक्तपात थांबवण्याची मोहीम काढली. सगळे त्यांचं ऐकायचे, मान द्यायचे. मग त्यांच्यातल्या काही जणींनी नगरपालिकेत ३३ टक्के जागा मागितल्या. २०१७ मध्ये त्यावरून दंगे झाले, सरकारी इमारती जाळल्या गेल्या, माणसं मेली, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. आई म्हणून शांतता करायला ये, नगरसेविका म्हणून गटाराच्या टेंडरवर सही करायला येऊ नकोस, असा तो व्यवहार होता. अखेर जून २०२४ मध्ये आरक्षणासह निवडणुका झाल्या.

आणि गडचिरोली. १ जानेवारी २०२५ रोजी विमला सिडाम ऊर्फ तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर शरण आल्या. जंगलातली दशकं मागे टाकून. त्यांचे पती, माओवाद्यांचे वरिष्ठ नेते भूपती, त्याच गडचिरोलीत साठ साथीदारांसह १५ ऑक्टोबरला आले. बायको साडेनऊ महिने आधी. गडचिरोलीतल्या दलमांमध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांमध्ये, मुली मोठ्या संख्येने होत्या. लग्नाला परवानगी होती, पण पुरुषाच्या नसबंदीच्या अटीवर. शरण आल्यानंतर काही जोडप्यांनी ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. बक्षिसाची रक्कम पदावर आणि आणलेल्या हत्यारावर ठरते, हे इथेही आहेच. पण मूल हवं की नको हा प्रश्न पुनर्वसनाच्या कोणत्या रकान्यात बसतो? तो रकाना कुणीतरी मागून घ्यावा लागला. माहेरच्या गावात परतलेल्या मुलीचं नाव सातबारावर लागेल का, तिच्याशी सोयरीक कोण करील, पोलिसांची खबरी म्हणून तिच्याकडे कोण बघेल, हे प्रश्न शरणागतीच्या समारंभानंतर सुरू होतात.

वैरागला आता नगरपंचायत आहे आणि तिथल्या निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या आहेत. भोवतालच्या खेड्यांमध्ये ग्रामपंचायती आहेत, तिथेही निम्म्या. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेमुळे गावोगाव समित्या झाल्या. बांध, भाऊबंदकी, रस्ता, देवळाची जागा, मिरवणुकीचा मार्ग हे तंटे तिथे येतात. समितीचा अध्यक्ष पुरुष असतो ही जवळजवळ रूढीच पडली आहे. अध्यक्षीण हा शब्द ऐकला की लोक महिला मंडळाबद्दल विचारतात. तंट्यांच्या मुळाशी मात्र वारंवार तेच सापडतं: बहिणीचं नाव कमी केलेला सातबारा, परक्या जातीत लग्न केलेली मुलगी, सोडून दिलेली सून. समेट झाला असं वहीत लिहिलं जातं. बऱ्याचदा त्याचा अर्थ बहिणीने हक्कसोड पत्रावर अंगठा दिला, एवढाच असतो. भाऊ-भाऊ मिटले, गाव मिटलं, तिचा हिस्सा मिटला.

ही समिती निवडली जाते ग्रामसभेत. आणि महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. व्यवहारात त्या सभेची वही शिपायाकरवी घरोघर फिरते आणि चुलीपाशी सह्या होतात. पण वही न फिरवता सभा खरोखर भरवली आणि समितीवर कुणाला घ्यायचं, कोणता तंटा आधी घ्यायचा, हक्कसोडीच्या कागदावर बहिणीला एकटीला विचारल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असे ठराव करून ग्रामसभेपुढे ठेवले, तर त्याला कायद्यात आडकाठी कुठेच नाही. त्यासाठी सुरक्षा परिषदेचा ठराव लागत नाही, दिल्लीचं मंडळ लागत नाही. ग्रामसेवकाने सभेची नोटीस सात दिवस आधी चावडीवर लावली आणि वेळ भांगलणीच्या मजुरीनंतरची धरली, तर सुरुवातीला तेवढं पुरतं.